पिल्लाची आंघोळ, वास आणि नखं: मदत हवी आहे

पावसाळी_छत्री | १९ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आठ दिवसांपूर्वी आमच्या घरी ढब्बू आला. गावठी, बदामी रंगाचा, चारही पायांत पांढरे मोजे. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखालच्या रिक्षास्टँडवर भर पावसात एका रिक्षाच्या मागच्या चाकाला चिकटून बसला होता. मुलगा (वय ६) त्याला शाळेच्या रेनकोटात गुंडाळून वर घेऊन आला आणि मग परत खाली नेऊन ठेवायचा धीर कोणालाच झाला नाही. डॉक्टरांच्या मते दोन महिन्यांचा असेल. पहिलं इंजेक्शन आणि जंताचं औषध झालंय, पुढचं तीन आठवड्यांनी.

आल्या दिवशी अंगाला गटारासारखा वास येत होता म्हणून मुलाच्या बेबी शॅम्पूने आंघोळ घातली. तासभर थरथरत पलंगाखाली बसला. तेव्हापासून बाथरूमची कडी वाजली तरी पसार होतो. वास मात्र चार दिवसांत परत. दर रविवारी आंघोळ घालायची का? सासूबाई म्हणतात डाळीचं पीठ लावा. शेजारचे काका म्हणतात पाण्यात दोन झाकणं फिनेल टाका, गोचीड फिरकणार नाही. नवरा म्हणतो खोबरेल तेल.

आणि नखं! सुयाच आहेत. खेळताना मुलाच्या पोटऱ्यांवर ओरखडेच ओरखडे, परवा एका ठिकाणी टिपूसभर रक्तही आलं. आपल्या नेलकटरने कापली तर चालतील का?

---

रानजाई | १९ जून, रात्री ९:४०

अभिनंदन! ढब्बूला माझ्यातर्फे कानामागे खाजवा. मी पुण्यात रस्त्यावरची पिल्लं तात्पुरती सांभाळते, त्या अनुभवावर सांगते: तूर्त आंघोळ विसरा. एवढ्या लहान पिल्लाला अंगातली ऊब नीट धरून ठेवता येत नाही, त्यात हा पाऊस. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं आणि लगेच कोरड्या पंचाने टिपायचं, बस. शी-शू अंगाला लागली असेल तर तेवढाच भाग धुवा.

वास चार दिवसांत परत येतो कारण तो बहुतेक वेळा पिल्लाचा नसतोच, अंथरुणाचा असतो. त्याची गोधडी धुवा, उन्हात घाला (ऊन मिळालं तर!). फरक पडेल.

बेबी शॅम्पूने एकदा काही बिघडत नाही, पण सवय लावू नका. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या जवळपास. आपले साबण-शॅम्पू त्यांची कातडी कोरडी करतात, मग खाज, मग कोंडा. डाळीचं पीठ केसांच्या मुळाशी अडकून पावसाळ्यात आंबतं. खोबरेल तेल तो पाच मिनिटांत चाटून संपवेल आणि उरलेलं तुमच्या सोफ्याला लागेल.

बाथरूमची भीती मात्र आत्ताच घालवा. पुढचे पंधरा दिवस त्याचं जेवण कोरड्या बाथरूममध्ये. नळ बंद, दार उघडं, ताटली आत.

---

चहाबाज | १९ जून, रात्री ९:५१

आमच्याकडे कुत्र्याच्या आंघोळीत तीन माणसं चिंब होतात आणि कुत्रा बऱ्यापैकी कोरडा राहतो. वाचतोय.

---

गोठ्यातला_डॉक्टर | १९ जून, रात्री १०:०५

ताई, आंघोळीचं राहू द्या बाजूला. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाचून ताटावरून उठून लिहितोय.

पिल्लू रस्त्यावरचं, आठ दिवसांपूर्वी आणलेलं, रेबीजची लस झालेली नाही (ती साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात) आणि नखाने मुलाला रक्त आलंय. पिल्लू दिवसभर पंजे चाटतं, लाळ नखांवर असते. उद्या सकाळी शाळा बुडाली तरी चालेल, मुलाला पालिकेच्या रुग्णालयात न्या. रक्त निघालेला ओरखडा म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम धरतात, लसीबरोबर सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. आता वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. दोन दिवस झालेत हे कळतंय, तरी धुवा. हळद-चुना-तिखट काही लावू नका.

घाबरवत नाहीये. पिल्लू जेवतं-खेळतं आहे तर बहुधा काही नसेल. पण रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर औषध नाही आणि आधी लस घेतली तर पुढचं टळतं, त्यामुळे इथे 'बहुधा'वर विसंबायचं नाही. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ते दहा दिवस संपायची वाट बघून मग लस, असं करू नका. घरात आणखी कोणाला ओरखडे आहेत का तेही बघा.

आंघोळीचं नंतर बोलू.

---

रानजाई | १९ जून, रात्री १०:११

डॉक्टर, धन्यवाद. मी ते वाक्य वाचूनही पुढे गेले. स्वतःची लाज वाटली.

---

पावसाळी_छत्री | २० जून, दुपारी ३:२५

जाऊन आलो. सीरम ओरखड्याच्या कडेने दिलं, मुलगा रुग्णालय डोक्यावर घेऊन ओरडला. लसीच्या तारखा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. माझ्या मनगटावरही एक ओरखडा निघाला, मलाही सुरू केली. सगळं मोफत झालं. रांगेत आमच्या पुढे एक आजोबा होते, चावून पाच दिवस झाले होते, जखमेवर तंबाखू दाबून बसलेले.

डॉक्टर, काय बोलू. मी नखांचा प्रश्न घालू की नको असा विचार करत होते, आंघोळीचाच महत्त्वाचा वाटत होता.

फिनेलचं सांगाल का? काका रोज विचारतायत.

---

बोरी_बाभळी | २० जून, संध्याकाळी ६:४८

लातूरकडचा आहे. आमच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कारवान कुत्री. लांब पाय, आत गेलेलं पोट, अंगावर केस म्हणाल तर मखमलीएवढे. त्यांना आंघोळ कुणी घालत नव्हतं. उन्हाळ्यात आपणहून कॅनॉलात उतरायची. आजा रोज संध्याकाळी ओलं पोतं अंगावरून फिरवायचा, मानेपासून शेपटीपर्यंत, केसांच्या दिशेनं. कातडी तेलासारखी चमकायची.

गोचीड दिसली की चिमटीत उपटायची आणि रॉकेलच्या डबड्यात. एवढंच औषध. ही महागडी शॅम्पू-पावडरीची फॅडं शहरातली.

---

गोठ्यातला_डॉक्टर | २० जून, रात्री ८:३०

बोरी_बाभळी, तुमच्या आजोबांचं ओलं पोतं लाखमोलाचं. आखूड केसांच्या कुत्र्याला त्यापेक्षा जास्त काही लागत नाही. रोज अंगावरून हात फिरतो म्हणजे गाठ, जखम, गोचीड त्याच दिवशी सापडते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसेस 'आम्हाला दिसलंच नाही' या असतात.

पण उपटण्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडची कुत्र्याची तपकिरी गोचीड एका जन्मात तीनदा कुत्र्यावर चढते आणि प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली उतरते. कात टाकायची, अंडी घालायची ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात. एक मादी काही हजार अंडी घालते. तुम्ही कुत्र्यावरच्या दहा वेचता तेव्हा भिंतीत किती आहेत ते मोजूही नका. फटी बुजवा, चौकटी झाडून काढा, अंथरूण गरम पाण्यात धुवा.

उपटायचीच तर चिमट्याने, तोंड कातडीला भिडलंय तिथे धरून सरळ वर ओढा. पिळायची नाही, अगरबत्तीचा चटका नाही, रॉकेल कुत्र्याच्या अंगावर नाही. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका.

फिनेल: काकांना सांगा, लादीसाठी आहे, लादीलाच ठेवा. कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, तोंड-जीभ भाजते, विषबाधा होते. गोचिडांवर मानेवर टाकायचे थेंब आहेत, गोळ्या आहेत. एका गोळीचा परिणाम प्रकारानुसार महिनाभर ते बारा आठवडे. पण सगळं वयावर आणि वजनावर. ढब्बूच्या डॉक्टरांनी त्याला तराजूवर ठेवून ठरवायचं. मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपासही नको, मरते.

कुत्रं जेवेना, ताप, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त: गोचीडताप असू शकतो. रक्त तपासायला त्याच दिवशी न्या.

---

पावसाळी_छत्री | २२ जून, सकाळी ७:०५

सापडली!! काल रात्री 'ओलं पोतं' करत होते (आमच्याकडे जुना बनियन). डाव्या कानाच्या आत, घडीत, करडा, फुगलेला, तुरीच्या दाण्याएवढा गोळा. सासूबाई म्हणाल्या चामखीळ आहे, असू दे, भाग्याची असते. टॉर्च मारला तर भाग्याला पाय होते.

नवऱ्याने चिमट्याने काढली. ढब्बू शांत, मी किंचाळले. आज संध्याकाळी डॉक्टरांकडे वजन.

---

शेंगदाणा | २२ जून, सकाळी ११:३०

नखांवर मी बोलते, कारण मी पाप केलंय.

आमची चिमणी (गावठी, सात वर्षांची) दुसऱ्या वर्षाची असताना मी तिची नखं आपल्या नेलकटरने कापायला बसले. कुत्र्याचं नख गोल असतं, आपला कटर चपट्या नखासाठी. तो आधी नख दाबतो, चेंबवतो, मग कापतो. कुत्र्याला दुखतं ते तिथेच. त्यात मी एक नख जास्त कापलं. नखाच्या आत जिवंत भाग असतो, रक्तवाहिनी आणि नस. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, चिमणीची नखं काळी कुळकुळीत. हॉल, सोफा, माझा गाऊन, सगळीकडे लाल ठिपके. कॉर्नफ्लॉवर दाबून धरल्यावर पाचेक मिनिटांत थांबलं. पुढची दोन वर्षं तिने पंजाला बोट लावू दिलं नाही.

त्या दोन वर्षांत काय झालं तर तिच्या पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, वरचं, अंगठ्याचं नख. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही. तिचं वाढत वाढत चंद्रकोरीसारखं वळून पुन्हा मांसात शिरलं. लंगडायला लागली तेव्हा कळलं. भूल देऊन काढावं लागलं. बाकीची नखं रस्त्यावर चालून झिजतात, हे झिजत नाही. लिहून ठेवा.

आता काय करते: कुत्र्यासाठीचा कात्रीसारखा कटर. काळं नख असेल तर टोकाची तांदळाच्या दाण्याएवढी कापटी, मग कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो खडूसारखा पांढरट-भुरकट, कोरडा दिसतो. आणखी एक कापटी. मधोमध काळसर, ओलसर, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला की थांबायचं. त्याच्या मागेच रक्त आहे. पंजा आपल्याकडे ओढायचा नाही, जिथे आहे तिथेच धरायचा. एका बैठकीत सगळी नखं काढायचा हट्ट नको. एक नख, एक शेंगदाणा (साधा भाजलेला, खारा नाही). माझं नाव तिथूनच आलंय.

ढब्बू लहान आहे ही चैन आहे तुमची. आत्ता कापू नका, नुसतं रोज जेवताना एक बोट धरा, दाबा, सोडा. कटर शेजारी ठेवून हवेत कट्-कट् वाजवा.

---

पावसाळी_छत्री | २२ जून, दुपारी १:१०

बाप रे, चिमणी बिचारी. सासूबाईंचा नियम: दिवेलागणीनंतर आणि शनिवारी नखं कापायची नाहीत, कुत्र्याचीसुद्धा. त्यामुळे आम्हाला आठवड्यातून सहाच दिवस.

---

निळी_शाई | २४ जून, रात्री ८:१५

जरा वेगळा प्रश्न. आमचा पॉम (पॉमेरेनियन), चार वर्षांचा. मे महिन्यात उकाड्याने जीभ काढून बसायचा म्हणून एका पार्लरमध्ये मशीन फिरवून घेतली. महिना होऊन गेला, पाठीवर अजून टक्कल, जे आलेत ते लोकरीसारखे. पार्लरवाला म्हणतो येतील.

---

रानजाई | २४ जून, रात्री ८:३७

पॉम, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर दोन थर असतात. आत लोकर, वर लांब ताठ केस. वरचा थर ऊन अडवतो आणि हवा खेळवतो. मशीनने दोन्ही काढले की कातडी सरळ उन्हात. ही कुत्री उकाड्यात गार होतात ती धापा टाकून. घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. त्यांना मशीन नको, आतली मेलेली लोकर विंचरून काढायला हवी. केस गळायच्या दिवसांत एका बैठकीत टोपलीभर निघते. त्याने खरा गारवा मिळतो.

---

मिरपूड | २४ जून, रात्री ९:०२

पण आमच्या शिहत्झूचे आम्ही दर दीड महिन्याला कापून घेतो, मस्त राहतो. सगळ्यांना एक नियम कसा?

---

गोठ्यातला_डॉक्टर | २४ जून, रात्री ९:४४

मिरपूड, बरोबर, नियम एक नाही. शिहत्झूचे केस माणसासारखे वाढत राहतात, ते कापायलाच हवेत. नाही कापले तर कानामागे, काखेत, जांघेत नमद्यासारख्या गाठी बसतात. आणि कृपा करून आंघोळीआधी विंचरा. गाठ ओली झाली की घट्ट होते, मग कात्रीशिवाय सुटत नाही आणि कात्रीने कातडी कापली जाते. मी टाके घातलेत.

निळी_शाई, पॉमच्या जातीत मशीन फिरवल्यावर केस न उगवण्याचा प्रकार ओळखीचा आहे. बहुतेकांचे येतात, काहींना वर्ष लागतं, काहींचे पहिल्यासारखे येत नाहीत. पण थायरॉइड वगैरे काही नाही ना, हे एकदा तपासून घ्या. तोवर दुपारच्या उन्हात नेऊ नका.

---

म्युनिकचा_मोरू | २५ जून, रात्री १:२०

इकडे थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते तळव्यांना झोंबतं. फिरून आल्यावर चारही पाय कोमट पाण्यात बुडवून पुसायचे हा आमचा नित्यनेम. नागपुरात आईकडे मे महिन्यात त्याच तळव्यांना डांबर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला न्यायचं नाही, हे तिकडच्या डॉक्टरांनी शिकवलं.

---

गोठ्यातला_डॉक्टर | २५ जून, सकाळी ७:५०

पाय धुण्याला जोरदार अनुमोदन, आणि मुंबई-ठाण्याच्या पावसात तर जास्तच. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असतं, त्यातून लेप्टोचा आजार. कुत्र्याला होतो, कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही. कुत्र्यासाठी लस आहे, ढब्बूच्या पुढच्या इंजेक्शनात ती आहे का विचारा. पाय धुतल्यावर बोटांच्या मधली बेचकी कोरडी करायला विसरू नका.

---

सातबारा | २ जुलै, संध्याकाळी ७:१२

धागा वर काढतोय. आमच्या गल्लीत एका भटक्या कुत्रीला लूत लागली आहे. अर्धं अंग उघडं, खाजवून खाजवून रक्त. गॅरेजवाला म्हणतो जळकं ऑइल लाव, दोन दिवसांत बरी. लावू का?

---

गोठ्यातला_डॉक्टर | २ जुलै, रात्री ८:०१

नका लावू! हात जोडतो. इंजिनातलं काळं ऑइल कातडीतून शोषलं जातं, ती चाटते तेव्हा पोटात जातं, यकृत-मूत्रपिंडाची वाट लागते. लुतीचे किडे कधी मरतात, कुत्रीही मरते.

लूत दोन तऱ्हेची. एक कुत्र्याकडून कुत्र्याला लागते आणि माणसालाही तात्पुरती खाज सुटते, दुसरी लागत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कोणती ते कळतं. आता अशा गोळ्या आहेत की बिस्किटात घालून दिली तरी काम होतं, भटक्या कुत्रीला धरायचीही गरज पडत नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोटो घेऊन जा. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल.

आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कोली जातीच्या कुत्र्यांना आणि त्यांच्या जवळच्या जातींना ते मेंदूत चढतं, आणि गल्लीतल्या कुत्रीची आजी कोण होती ते कोणाला ठाऊक!

---

सातबारा | ९ जुलै, रात्री ९:३०

गोळी दिली. खाजवणं कमी झालंय. गॅरेजवाला नाराज.

---

पावसाळी_छत्री | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

फार दिवसांनी आले. मुलाच्या आणि माझ्या सगळ्या लसी पूर्ण. ढब्बूची रेबीजची जुलैत झाली, लेप्टोचीही. आता १४ किलो आहे आणि पलंगाखाली मावत नाही.

ऑगस्टमध्ये एक गडबड झाली ती नोंदवते. सारखा डोकं झटकायचा, कानाला शिळ्या पावासारखा वास. मी कापसाच्या काडीने साफ केलं आणि मळ आणखी आत ढकलला. डॉक्टर रागावले. ओलीमुळे बुरशीचा संसर्ग होता. आता आठवड्याने एकदा त्यांनी दिलेलं पाणी कानात घालायचं, कानाचं मूळ बाहेरून चोळायचं (पचक्-पचक् आवाज येतो), मग त्याला झटकू द्यायचं आणि बाहेर येईल तेवढंच पुसायचं. झटकताना भिंतीपासून लांब उभं राहा.

पहिली खरी आंघोळ गणपती उठल्यावर झाली. पंधरा दिवस बाथरूममध्ये जेवल्यामुळे आत आपणहून गेला, तांब्या बघून मात्र आमच्याकडे असं पाहिलं की मुलगा रडला. शॅम्पू मिनिटात लागतो, निघायला दहा मिनिटं, हे कोणी सांगितलं नव्हतं. पोटाखाली राहून गेला आणि दोन दिवस खाजवत होता. आता दीड-दोन महिन्यांतून एकदा. मधे बनियन.

दात: बोटाला गॉज गुंडाळून चोळते. आपली टूथपेस्ट नको, फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड), ते कुत्र्यांना विष, हे डॉक्टरांनी सांगितलं. कुत्र्यांची चिकन चवीची मिळते. सासूबाईंनी ट्यूब देवघरापासून लांब ठेवायला सांगितलं आहे.

आणि नखं. तीन महिने रोज एक बोट धरा-दाबा-सोडा. दसऱ्याला पहिलं नख कापलं. आता जमतंय, ठिपका दिसतो. काल अंगठ्याचं राहिलं होतं. संध्याकाळी कटर काढला तर ढब्बू स्वतः येऊन बसला आणि पंजा माझ्या मांडीवर टाकला. शेंगदाणा हातात होता म्हणून असेल. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं दिवे लागले!"

राहिलं ते राहिलंच.

---

शेंगदाणा | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

स्वतः पंजा दिला???? चिमणी अजून तोंड फिरवते.

---

चहाबाज | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

फोटो कुठाय?

---

पावसाळी_छत्री | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

तीनदा प्रयत्न केला, चढत नाहीये. आणि आज मंगळवार, अंगठ्याचं नख बाकी आहे. आधी ते करते.